बाबासाहेबांचा एक शब्द आणि जळूची एक पेशी

बाबासाहेबांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात एक शब्द असा आहे, की तिथे इतिहासाचा आणि राज्यशास्त्राचा विद्यार्थी हमखास अडखळतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले, परिषदच रद्द झाल्याने कधीच न झालेले आणि अखेर १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलेले हे भाषण. आदर्श समाज कसा असावा हे सांगताना ते म्हणतात, की अशा समाजात निरनिराळ्या गटांना एकमेकांशी मोकळेपणाने संबंध ठेवण्याच्या, देण्याघेण्याच्या पुष्कळ जागा असल्या पाहिजेत. या साऱ्या व्यवहाराला ते एक नाव देतात : 'सोशल एंडॉस्मॉसिस'. बंधुता ती हीच, आणि लोकशाही हे तिचेच दुसरे नाव, असा त्यांचा पुढचा विचार आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आपल्या घराघरांत वंदनेइतकेच रुळलेले आहेत. मात्र एंडॉस्मॉसिस या शब्दाशी आपली ओळख तेवढी नाही.

मंगळवार पेठेतल्या आपल्या शाळेत रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली, की नववी-दहावीची मुले आणि मी मिळून बाबासाहेबांच्या ग्रंथांचे थोडे थोडे वाचन करतो. काही वर्षांपूर्वी हे पान आले तेव्हा नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, हा शब्द आमच्या विज्ञानात आहे. अंतःपरासरण. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, ते. बाबासाहेबांनी तो इथं कशाला घेतला?" प्रश्न नेमका होता, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. मी इतिहासाचा माणूस. एखादा शब्द कुठून निघाला, कोणाकोणाच्या हातांतून फिरला आणि आपल्या दारात कसा आला, हे शोधण्याची माझी सवय. त्या सवयीने मी या शब्दाच्या मागे लागलो आणि वाटेत, कधी मनात आले नसते अशा ठिकाणी जाऊन पोहोचलो : जळूच्या शरीरातल्या एका पेशीपाशी. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणाला वाटेल. तो आपल्याच शाळेचा विषय कसा आहे, ते पुढे येईल.

प्रथम शब्दाचा प्रवास. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंरी द्युत्रोशे या फ्रेंच वैद्याने पातळ पडद्यातून पाणी आरपार कसे जाते याचा अभ्यास केला आणि आत जाणाऱ्या प्रवाहाला 'एंडॉस्मॉसिस', बाहेर येणाऱ्याला 'एक्सॉस्मॉसिस' असे म्हटले. पुढे प्रयोगशाळेतला हा शब्द तत्त्वज्ञांनी उचलला. अमेरिकेतले विचारवंत जॉन ड्यूई यांच्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या १९१६ च्या ग्रंथात तो समाजाला लावलेला दिसतो. समाजाचे सत्ता गाजवणारा वर्ग आणि सत्तेखाली दबलेला वर्ग असे दोन तुकडे पडले, की हे सामाजिक अंतःपरासरण थांबते आणि त्यात वरच्या वर्गाचेही नुकसान होते, असे ड्यूई सांगतात. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई त्यांचे गुरू होते. त्याच १९१६ च्या मे महिन्यात तिथल्या एका परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला आणि जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग अशी तिची व्याख्या केली. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकारासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे त्यांनी निवेदन दिले, त्यातही हा शब्द आला आहे. म्हणजे अंतःपरासरण हा त्यांच्या लेखनात सहज पडलेला शब्द नव्हे. सतरा वर्षे त्यांनी तो जवळ बाळगला होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. हाच शब्द का? एकी, मिसळणे, संगम असे शब्द होतेच की. याचे उत्तर मिळवायला मला पुस्तकांच्या कपाटापासून उठून आमच्या विज्ञानाच्या मॅडमकडे जावे लागले. त्यांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून दोन वाट्या मागवल्या. एकीत साधे पाणी, दुसरीत साखरेचा दाट पाक. साध्या पाण्यातला बेदाणा तासाभरात टरारून फुगला. तो फुगलेला बेदाणा पाकात टाकला तेव्हा पुन्हा सुरकुतला. बेदाण्याची साल दोन्ही वेळा तशीच होती. ती फाटली नाही, विरघळली नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, साल नसती तर बेदाणा फुगलाच नसता. नुसता पाण्यात विस्कटला असता."

त्या एका वाक्याने मला बाबासाहेबांच्या शब्दनिवडीतले मर्म दिसू लागले. अंतःपरासरणाला पडदा लागतो. दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि त्यांच्यामध्ये आरपार जाऊ देणारे पटल लागते. आपले वेगळेपण पुसून टाका, असे बाबासाहेब कोणालाच सांगत नव्हते. मधली हद्द ही कोंडणारी भिंत न राहता श्वास घेणारे पटल व्हावी, अशी त्यांची मागणी होती.

पण पाण्याची गोष्ट ही या शास्त्राची पहिलीच पायरी होती. पाण्यात मीठ विरघळते तेव्हा त्याचे विद्युतभारित कण होतात. त्यांना आयन म्हणतात : सोडिअमचा धनभारित, क्लोराइडचा ऋणभारित. प्रत्येक सजीव पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे दुहेरी पटल असते, मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ. तेलात मीठ विरघळत नाही, तसेच या स्निग्ध पटलातून आयन आपोआप जात नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांच्या सूक्ष्म वाटा असतात. कोणती वाट कोणत्या आयनाला चालते, आणि किती वाटा कोणत्या क्षणी उघड्या आहेत, यावर त्या पटलाची 'वाहकता' ठरते. वाहकता म्हणजे थोडक्यात मोकळीक. विजेच्या भाषेत मोजता येणारी मोकळीक.

पेशीच्या आत पोटॅशिअम पुष्कळ आणि बाहेर थोडे, तर सोडिअम बाहेर पुष्कळ आणि आत थोडे, अशी सर्वसाधारण मांडणी असते. स्वस्थ पेशीचे पटल मुख्यतः पोटॅशिअमला वाट देते आणि त्यामुळे पेशीच्या आत-बाहेर विजेचा दाब निर्माण होतो, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ युलिउस बर्नश्टाइन यांनी १९०२ साली मांडली. इतिहासाच्या शिक्षकाला १९०२ म्हटले की दुसरेच काही आठवते. त्याच वर्षी २६ जुलै रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बंद दिसणाऱ्या आवरणातून कोण आत जाते आणि कोण बाहेर राहते, हे मोजले पाहिजे, असे एकाच वर्षी जर्मनीत एका शास्त्रज्ञाला आणि कोल्हापुरात एका राजाला वाटावे, याची नोंद केल्यावाचून राहवत नाही.

आयनांचा प्रताप माझ्या आईला शास्त्रावाचून ठाऊक होता. आमचे गाव राधानगरीच्या बाजूला, पावसाचे. भाताची रोपलावण करायला आई दुसऱ्याच्या वाफ्यात उतरे तेव्हा कमरेला मिठाची पुरचुंडी खोचलेली असे. पायाला जळू लागली, की तिच्यावर चिमूटभर मीठ. जळू अंग आक्रसून गळून पडे. ओढून काढली तर जखम चिघळते, म्हणून ओढायची नाही, मीठ लावायचे, हे तिने आम्हा भावंडांना शिकवले. जळूच्या ओलसर त्वचेवर मीठ विरघळते, बाहेर दाट खारे पाणी तयार होते आणि आतले पाणी बाहेर ओढले जाते. द्युत्रोशेचे एक्सॉस्मॉसिस ते हेच. आईला अक्षरओळख नव्हती. तिच्या या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटले नाही, कारण ते चिखलात उभ्या असलेल्या बाईचे होते.

त्याच जळूने पुढे मला या शोधाच्या शेवटच्या टप्प्यावर नेले. आपल्याकडच्या तळ्या-ओढ्यांत गुरांना लागणारी जळू असते. पूर्वी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या मुलांना तिचेच विच्छेदन करावे लागे. तिची युरोपातली बहीण म्हणजे औषधी जळू. हिला पाठीचा कणा नाही, मेंदू आपल्यासारखा नाही. डोक्याकडे आणि शेपटीकडे मोठे चेतापुंज, आणि मधल्या शरीरात माळेतल्या मण्यांसारख्या एकवीस गाठी. एकेका गाठीत चेतापेशी सुमारे चारशे. इतकी आटोपशीर रचना, आणि पेशी मोठ्या. म्हणून चेतासंस्था कशी चालते हे समजून घेणाऱ्यांनी जळूला जवळ केले.

त्यांतले एक स्टीफन कुफ्लर. हंगेरीत जन्मलेला, व्हिएन्नात वैद्यक शिकलेला हा तरुण १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर देश सोडून निघाला आणि ऑस्ट्रेलियात पोहोचला. सिडनीच्या प्रयोगशाळेत त्याला सहकारी भेटला बर्नार्ड काट्झ, जो यहुदी म्हणून जर्मनीत भविष्य उरले नाही हे ओळखून १९३५ मध्येच लाइपझिग सोडून आला होता. जन्मावरून माणसाला बाहेर काढणारी व्यवस्था या लोकांनी अंगावर सोसली होती. पुढे कुफ्लर अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि १९६४ साली डेव्हिड पॉटर यांच्याबरोबर त्यांनी जळूच्या चेतासंस्थेतल्या एका दुर्लक्षित पेशीवरचे संशोधन प्रसिद्ध केले. त्या पेशीचे नाव ग्लिया.

या नावाचा इतिहास बोलका आहे. चेतापेशींच्या मधल्या जागेत काहीतरी भरलेले आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडोल्फ फिर्खो या जर्मन वैद्याच्या ध्यानात आले. त्याने त्याला ग्रीक भाषेतल्या डिंकाचे नाव दिले. काम काय, तर चिकटवून धरणे. संदेश वाहणाऱ्या, विचार करणाऱ्या त्या चेतापेशी, आणि या नुसत्या भरताव्याच्या. शंभर वर्षे हा समज बराचसा टिकला. कारण सोपे होते. ग्लिया पेशी स्पंदन देत नाही. बोलत नाही, म्हणून तिला सांगण्यासारखे काही नाही, असे धरले गेले. मुक्यांना बोलते करण्यासाठी 'मूकनायक' ज्या समाजात काढावा लागला, त्या समाजातल्या वाचकाला ही विचारसरणी नवी वाटणार नाही.

कुफ्लर आणि पॉटर यांनी मात्र तिला प्रत्यक्ष विचारले. जळूच्या एकेका गाठीत चेतापेशींचे सहा गट असतात आणि प्रत्येक गटाला एकच प्रचंड ग्लिया पेशी कवेत घेऊन असते. मधल्या तंतूंच्या जाळ्यात आणखी दोन मोठ्या ग्लिया पेशी असतात. केसाहून कितीतरी बारीक टोकाची, क्षारद्रावण भरलेली काचेची नळी अशा पेशीत हळूच शिरवायची, पटलाच्या आत-बाहेरचा विद्युतदाब मोजायचा. मग ठरावीक मापाचा लहानसा प्रवाह सोडायचा आणि दाब किती बदलला ते पाहायचे. थोडक्या प्रवाहाने दाब खूप बदलला तर वाटा थोड्या उघड्या, म्हणजे वाहकता कमी. थोडासाच बदलला तर वाहकता जास्त. इतके हे सरळ गणित आहे.

मोजल्यावर दिसले ते असे. ग्लिया पेशी खरोखर स्पंदन देत नाही. तिला बाजूला केले तरी चेतापेशी काही काळ आपले काम करत राहते. इथवर जुना समज खरा ठरत होता. पण स्वस्थ अवस्थेतला ग्लियाचा विद्युतदाब चेतापेशीपेक्षा अधिक निघाला, आणि शेजारच्या ग्लिया पेशी विजेच्या वाटेने एकमेकींशी जोडलेल्या निघाल्या. बाहेरच्या द्रावणातले पोटॅशिअम बदलले, की ग्लियाचा दाब त्यासरशी बदले. तिचे पटल मुख्यतः पोटॅशिअमला मोकळे होते. पुढे १९६६ मध्ये कुफ्लर आणि सहकाऱ्यांनी पाण्यात राहणाऱ्या एका सॅलॅमँडरच्या नेत्रचेतेत, आणि १९६९ मध्ये डेनिस बेलर आणि जॉन निकोल्स यांनी जळूत, एक मोलाची गोष्ट दाखवली. चेतापेशी स्पंदन देते तेव्हा तिच्यातून पोटॅशिअम बाहेर पडते. मधल्या अरुंद फटीत ते साठते. ते तिथेच साचत गेले तर चेतापेशींचेच काम बिघडेल. ग्लियाला हा साठा कळतो. तिच्या पटलावरचा दाब त्या प्रमाणात बदलतो, आणि जिथे पोटॅशिअम जास्त झाले तिथून ते घेऊन जिथे कमी आहे तिकडे पोहोचवण्याला तिच्या मोकळ्या वाटा उपयोगी पडतात. जिला डिंक म्हटले, ती शेजारणीच्या श्रमाची खबर ठेवत होती.

त्यानंतरच्या दोन दशकांत जर्मनीतल्या अभ्यासकांनी जळूच्या याच मोठ्या ग्लिया पेशींवर आणखी काम केले. चेतापेशींकडून येणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाने त्यांच्या पटलाची पोटॅशिअम-वाहकता वाढते, हे १९८२ मध्ये दिसले. योआखिम डाइटमर आणि वोल्फ-रुडिगर श्लू यांनी १९८९ मध्ये दाखवले, की या पटलात सोडिअम आणि बायकार्बोनेट यांना जोडीने आत आणणारी वाट आहे. एका सोडिअममागे दोन बायकार्बोनेट आत येतात, त्यामुळे आतला ऋणभार वाढतो आणि पेशीतली आम्लता आवरली जाते. एकाच पटलावर प्रत्येक आयनाची वाट निराळी, आणि कोणती किती उघडेल हे बाहेरच्या परिस्थितीवर अवलंबून.

इथे मला थांबून एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. समाजाला शरीराची उपमा देण्याचे या देशात काय परिणाम झाले, हे आपण विसरू शकत नाही. पुरुषसूक्तात मुखापासून एक, बाहूंपासून एक, मांड्यांपासून एक आणि पायांपासून एक असे चार वर्ण सांगितले गेले. त्या उपमेच्या आधाराने पायांपासून झालेल्यांनी पायांशीच राहावे असे शतकानुशतके बजावले गेले. म्हणून 'ग्लियाने ग्लियाचे काम करावे, चेतापेशीने चेतापेशीचे' असा बोध कोणी या गोष्टीतून काढू लागला, तर तो आपण तिथल्या तिथे नाकारला पाहिजे. पेशी जन्मतःच ग्लिया असते. माणूस जन्मतः झाडूवाला नसतो आणि न्यायाधीशही नसतो. निसर्गातला दाखला हा समाजातल्या न्यायाचा पुरावा होऊ शकत नाही. उपमा दिवा आहे. तिच्या उजेडात पाहायचे ते आपल्याच डोळ्यांनी.

मग या दिव्याच्या उजेडात मला काय दिसले? पहिली गोष्ट ही, की ग्लियाचा तो विद्युतदाब एकट्या ग्लियाचा नाही. आतले पोटॅशिअम आणि बाहेरचे पोटॅशिअम यांच्या गुणोत्तरातून तो येतो. बाहेरचे बदलले की तोही बदलतो. ज्याला आपण 'पेशीचा गुण' म्हणतो तो प्रत्यक्षात नात्याचा गुण आहे. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला : हे असल्याने ते होते, हे नसल्याने ते होत नाही, आपल्यापुरते, स्वयंभू असे काही नाही. एखादे मूल मंद आहे, बुजरे आहे, असे प्रगतिपुस्तकात लिहिताना आता माझा हात थबकतो. तो दाब मुलाचा आहे की मुलाच्या आणि त्याच्या भोवतालच्या नात्याचा?

दुसरी गोष्ट कोल्हापूरच्या इतिहासातून उलगडते. या शहराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. जैन, लिंगायत यांची निघाली, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातीच पक्क्या केल्या, असा आक्षेप मी विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहे. पण त्याच महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. दोन्ही कृती एकत्र वाचल्या तर अर्थ लागतो. राहायला, जेवायला, अभ्यासाला सुरक्षित आवरण; आणि त्या आवरणातून रोज सकाळी बाहेर पडून सगळ्यांबरोबर एका बाकावर. उघड्यावर पडलेल्या मुलाला आधी आवरण लागते. आवरण नसलेली पेशी मोकळी नसते, ती मेलेली असते.

भिंत आणि पटल यांतला फरक इथे कळतो. शाहू महाराजांच्या साहाय्याने जानेवारी १९२० मध्ये निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यांवर मजले असलेल्या, पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्म, तिथेच मरण. विजेच्या भाषेत या मनोऱ्याची वाहकता शून्य. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २१ आणि २२ मार्चला, इथून जवळच माणगावला परिषद भरली आणि महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. सात वर्षांनी महाडला माणसांना तळ्यातल्या पाण्यापर्यंत जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाण्याचा रेणू सजीव पटलातून आरपार जातो. माणसाला मात्र पाण्यापर्यंत जाऊ दिले जात नव्हते. जात हे पटल नव्हे. पटल बाहेर काय चालले आहे ते ओळखून बदलते. जात कशानेच बदलत नाही, तिला समोरच्याचे श्रम कळत नाहीत, भूक कळत नाही, गुण कळत नाही. तिला फक्त जन्म कळतो.

म्हणून आपल्या निवासी शाळेबद्दलचा प्रश्न मी या लेखात उघडपणे मांडू इच्छितो. धम्माच्या विचाराने चालणारी, मुख्यतः आपल्या वस्त्यांतली मुले जिथे राहतात अशी ही शाळा स्वतःच कोंडून घेतलेला वर्ग होणार नाही ना? पालकसभेत दोन्ही बाजू ऐकू येतात. काही पालक म्हणतात, बाहेरच्या जगात आमच्या मुलांना जे सोसावे लागते ते निदान इथे नको. फाटक बंद असलेले बरे. त्यांचे भय खोटे नाही. मी लहान असताना गावच्या चहाच्या दुकानात आमचे कप बाहेर वळचणीला वेगळे ठेवलेले असत, ते आम्हीच विसळून ठेवायचे. ज्याने असा कप हातात धरला आहे, तो फाटक बंद ठेवण्याची इच्छा समजू शकतो. दुसरे पालक म्हणतात, मुलांना उद्या याच जगात उभे राहायचे आहे, त्यांना आतापासून सगळ्यांत मिसळू द्या. माझ्या मते दोघांचेही म्हणणे एकाच पटलाच्या दोन बाजू आहेत. आत पुरेसा संचय पाहिजे : भाषा, आत्मसन्मान, बाबासाहेबांचे विचार, पोटभर अन्न, न घाबरता प्रश्न विचारण्याची सवय. आणि वाटा उघड्या पाहिजेत. खासबागेच्या मैदानात कुस्तीला, मिरजकर तिकटीच्या बाजारात, आंतरशालेय स्पर्धेत, बिंदू चौकात १९५० सालापासून उभ्या असलेल्या महात्मा फुले आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यांपाशी सगळ्या पेठांची मुले येतात तिथे, आपली मुले गेली पाहिजेत. आणि त्या पेठांची मुले आपल्या आवारात आली पाहिजेत. प्रवाह एकाच दिशेने चालला तर ते अंतःपरासरण होत नाही, नुसती गळती होते.

तिसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी, आणि ती थोडी कडू आहे. पोटॅशिअमची वाट बंद करायची असेल तेव्हा प्रयोगशाळेत बेरिअम वापरतात. बेरिअमचा आयन आकाराने जवळजवळ पोटॅशिअमएवढाच. वाटेला तो आपलाच वाटतो, म्हणून ती त्याला आत घेते. पण त्याचा विद्युतभार दुप्पट. तो वाटेतच घट्ट चिकटून बसतो, आणि मागून येणाऱ्या साऱ्यांचा रस्ता अडतो. पटलाची वाहकता घटते. १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती मला या ठिकाणी आठवते. दार आपल्यासाठी उघडावे म्हणून पिढ्यांनी लढा दिला, आपण आत गेलो, आणि उंबऱ्यातच बसून राहिलो, तर मागच्याला ते दार बंदच आहे. दार कोणत्या शत्रूने लावले, हे विचारण्याचीही मग सोय उरत नाही.

सुदैवाने आपल्या शाळेत याच्या उलट उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत. पुण्यात प्रवेशासाठी गेलेल्या मुलाला चार दिवस आपल्या खोलीत ठेवून घेणारे माजी विद्यार्थी आहेत. परीक्षेच्या दिवसांत मुलांचा सगळा ताप, रडणे, रात्रीचे जागरण आपल्या अंगावर घेणाऱ्या स्वयंपाकघरातल्या मावशी आहेत. आजवर आपण समारंभात त्यांना 'सहकार्य करणारे' म्हणत आलो. हा शब्दही डिंकासारखाच आहे. त्यांच्या कामाचे मोल झाले पाहिजे, ते वेतनात दिसले पाहिजे, आणि त्यांच्या मुलींना या शाळेच्या बाकांवर जागा मिळाली पाहिजे, कारण मावशीची मुलगी मावशीच व्हावी असा निसर्गाचा कोणताही नियम नाही.

यंदापासून आपली अभ्यासिका संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत पेठेतल्या कोणत्याही घरच्या, कोणत्याही समाजाच्या मुलांसाठी खुली ठेवावी, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. पुस्तके आहेत, दिवे आहेत, सतरंज्या आहेत. कमी आहे ती शिकवणाऱ्या माणसांची. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आणि पालकाला माझी विनंती आहे, की आठवड्यातला एक तास आम्हाला द्यावा. गणित येत असेल तर गणित, इंग्रजी येत असेल तर इंग्रजी, आणि शेतात जळू लागल्यावर काय करावे हे ठाऊक असेल, तर तेही मुलांना सांगावे.

जयभीम.